शुगर फ्री चॉकलेट आणि रक्तातील साखर : नव्याने मधुमेह झालेल्यांसाठी मार्गदर्शक

मधुमेहाचे निदान झाले की थोड्याच दिवसांत घरात कोणीतरी मायेने 'शुगर फ्री' लिहिलेली चॉकलेटची वडी आणून ठेवते, आणि ती मनसोक्त खाल्ली तरी चालते असे सगळेच गृहीत धरतात. हा समज अर्धाच खरा आहे. काही शुगर फ्री चॉकलेटांनी रक्तातील साखर जवळजवळ हलत नाही, तर काहींनी ती साध्या चॉकलेटच्या निम्म्याने का होईना, पण नक्की वाढते. दोन्ही वड्यांच्या वेष्टनावरची ठळक अक्षरे मात्र सारखीच असतात. फरक असतो तो मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेल्या घटकांमध्ये.

मी स्वतः टाइप टू मधुमेही आहे आणि मला चॉकलेट मनापासून आवडते. त्यामुळे वेष्टने वाचणे, तुकडे वजन करून खाणे आणि ग्लुकोमीटरवर पडताळणी करणे हे सारे मी केले आहे व अजूनही करतो. नव्याने या वाटेवर आलेल्यांची चाचपडण्यातली दगदग वाचावी, म्हणून तोच क्रम येथे मांडत आहे. हा लेख डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. डॉक्टरांसमोर बसल्यावर नेमके काय विचारायचे, हे मात्र त्यावरून ठरवता येईल.

हाताशी काय असावे

- मूळ वेष्टनासकट चॉकलेट, ज्यावर घटकांची यादी व पोषणमूल्यांचा तक्ता छापलेला आहे
- ग्लुकोमीटर, मुदत न संपलेल्या पट्ट्या आणि नव्या सुया
- एका ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा
- तारीख, वेळ आणि आकडा लिहिण्यासाठी वही
- सध्या चालू असलेल्या औषधांची चिठ्ठी आणि एचबीएवनसीचा (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा) अलीकडचा अहवाल
- साखर अचानक उतरल्यास लागणारी ग्लुकोजची पावडर

१. सुरुवात औषधांच्या चिठ्ठीपासून करा

तुम्ही कोणते औषध घेता, यावर पुढच्या बऱ्याच गोष्टी ठरतात. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर सहसा धोकादायक पातळीपर्यंत उतरत नाही, त्यामुळे एखाद्या तुकड्याचा हिशेब थोडा चुकला तरी त्यातून मोठे संकट उभे राहत नाही. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड या साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना आणि इन्सुलिन टोचणाऱ्यांना मात्र जास्त सांभाळावे लागते. जेवणाऐवजी शुगर फ्री चॉकलेट खाऊन वेळ मारून नेली, तर औषध आपले काम करीत राहते आणि त्याला तोंड देण्याइतके पिष्टमय अन्न पोटात नसते. खाण्यातील कर्बोदके मोजून इन्सुलिनची मात्रा ठरवणाऱ्यांनी तक्त्यातील सगळी कर्बोदके जशीच्या तशी धरली, तर मात्रा जास्त होऊन साखर उतरू शकते आणि काहीच धरली नाहीत तर ती चढू शकते. मात्रेचा हा हिशेब स्वतःच्या अंदाजाने करू नये, तो डॉक्टरांकडून किंवा आहारतज्ज्ञांकडून एकदा नीट बसवून घ्यावा.

मूत्रपिंडाचा विकार असेल तर तेही डॉक्टरांना आधी सांगा, कारण कोकोमध्ये पोटॅशियम आणि फॉस्फरस चांगल्या प्रमाणात असते आणि साखर काढल्याने ते कमी होत नाही.

२. वेष्टनावरचे दावे एकमेकांपासून वेगळे करा

दुकानात तीन प्रकारची वाक्ये दिसतात, आणि ती एकाच अर्थाची आहेत असे समजणे हा पहिला सापळा.

'शुगर फ्री' या शब्दांना भारतात नियमाचा आधार आहे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिरात व दावे विनियमांनुसार १०० ग्रॅम घन पदार्थात साखर ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त नसेल तरच हा दावा करता येतो. पण येथे 'साखर' म्हणजे सुक्रोज, ग्लुकोज, फ्रुक्टोज, लॅक्टोज अशा शर्करा. स्टार्च, माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून बनवलेली भुकटी) किंवा माल्टिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) या मोजणीत येत नाहीत.

'नो अ‍ॅडेड शुगर' म्हणजे वरून साखर घातलेली नाही, एवढेच. दुधाच्या भुकटीतील लॅक्टोज त्यात असतोच. साय काढलेल्या दुधाच्या भुकटीत साधारण निम्मे वजन लॅक्टोजचे असते, म्हणून मिल्क चॉकलेटवर 'शुगर फ्री' ऐवजी बहुधा 'नो अ‍ॅडेड शुगर' हेच शब्द आढळतात आणि तक्त्यात एकूण साखरेच्या रकान्यात काही ग्रॅम दिसतात. त्यात लबाडी नाही, पण तो आकडा तुमच्या हिशेबात आला पाहिजे.

तिसरा प्रकार मला सर्वांत घातक वाटतो, तो म्हणजे 'रिफाइंड शुगर फ्री', 'गुळाचे चॉकलेट', 'खजुराने गोड केलेले', 'मधयुक्त', 'नारळाच्या साखरेचे'. गुळात बहुतांश सुक्रोजच असते, आणि खजूर व मध यांत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज भरपूर असतात. रक्तातील साखरेच्या दृष्टीने हे साधे चॉकलेटच आहे. 'नैसर्गिक' या शब्दावर विश्वास ठेवून ज्येष्ठ मंडळी असे तुकडे निर्धास्तपणे खातात, त्यामुळे घरातल्या तरुणांनी हा फरक त्यांना समजावून सांगावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. 'डायबेटिक फ्रेंडली' अशा शब्दांतूनही वडीत काय आणि किती आहे, हे काहीच कळत नाही.

३. साखरेच्या जागी काय आले, ते शोधा

सर्वांत महत्त्वाची पायरी हीच. साध्या चॉकलेटच्या वडीत तिच्या वजनाचा मोठा भाग साखरेचा असतो, मिल्क चॉकलेटमध्ये तर अनेकदा निम्म्याच्या आसपास. सुक्रालोज हे कृत्रिम गोडी देणारे द्रव्य साखरेच्या सुमारे ६०० पट गोड असते, म्हणजे गोडीसाठी चिमूटभरही पुरते. मग उरलेल्या वजनाचे काय? ती पोकळी भरण्यासाठी कारखान्याला साखरेसारखाच घट्टपणा देणारा दुसरा पदार्थ घालावा लागतो, आणि तुमच्या रक्तातील साखरेचे काय होणार हे तो भरणीचा पदार्थ ठरवतो. सुक्रालोज किंवा स्टीव्हिया पाहून समाधान मानू नका, त्यांच्या आधी कोणते नाव छापले आहे ते पाहा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक असल्याने पहिली तीन-चार नावेच बहुतेक गोष्ट सांगून जातात.

अनेक वेष्टनांवर नावाऐवजी 'स्वीटनर' आणि पुढे आयएनएस क्रमांक, म्हणजे खाद्यपदार्थांत घालायच्या पूरक द्रव्यांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, एवढेच असते. हे क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवा.

माल्टिटॉल, क्रमांक ९६५. साखरमुक्त चॉकलेटांत हा फार मोठ्या प्रमाणावर वापरला जातो, कारण त्याची गोडी साखरेच्या ९० टक्क्यांच्या जवळ जाते आणि वडीचा कडकपणाही टिकतो. त्याच्या रेणूत एक ग्लुकोज आणि एक सॉर्बिटॉल जोडलेले असते. लहान आतड्यात ही जोडी हळूहळू सुटते आणि त्यातले ग्लुकोज रक्तात जाते. शुद्ध ग्लुकोजचा ग्लायसेमिक निर्देशांक (पदार्थ रक्तातील साखर किती वाढवतो याचे माप) १०० धरला तर साखरेचा सुमारे ६५, माल्टिटॉलच्या भुकटीचा सुमारे ३५ आणि माल्टिटॉल सिरपचा ५० च्या थोडा वर येतो. म्हणजे हा पदार्थ साखरेपेक्षा सौम्य आहे, पण निरुपद्रवी नाही. 'शुगर फ्री खाऊनसुद्धा साखर वाढली' अशी तक्रार कोणी केली की मी पहिला प्रश्न विचारतो तो हाच : वेष्टनावर ९६५ आहे का?

एरिथ्रिटॉल, क्रमांक ९६८. हा लहान आतड्यातून रक्तात शोषला जातो, पण शरीर त्याचे ग्लुकोज बनवत नाही आणि बहुतांश भाग जसाच्या तसा लघवीवाटे बाहेर पडतो. रक्तातील साखरेवर त्याचा परिणाम जवळजवळ शून्य असतो. तुकडा जिभेवर विरघळताना पेपरमिंटसारखा किंचित गारवा जाणवला, तर तो बहुधा याचाच.

आयसोमाल्ट ९५३, लॅक्टिटॉल ९६६, सॉर्बिटॉल ४२०, झायलिटॉल ९६७ आणि मॅनिटॉल ४२१ यांचा परिणाम माल्टिटॉलपेक्षा बराच कमी असतो. मात्र पोटाच्या तक्रारींच्या बाबतीत यांतले काही त्याच्याही पुढे आहेत.

इन्युलिन, चिकोरीचा तंतू आणि पॉलिडेक्स्ट्रोज १२०० हे पचायला कठीण असे तंतुमय पदार्थ आहेत. साखर वाढवण्यात त्यांचा वाटा नगण्य असतो, पण पोटात गॅस धरतो.

माल्टोडेक्स्ट्रिन दिसले तर सावध व्हा. चवीला ते फारसे गोड नसते आणि साखरेच्या रकान्यातही बहुतेक दिसत नाही, पण पोटात गेल्यावर ते ग्लुकोजइतक्याच वेगाने रक्तात उतरते. सुट्या गोडव्याच्या पुड्यांमध्येही ते भरणीसाठी वापरतात. चॉकलेटच्या यादीत ते पहिल्या काही नावांत असेल, तर ती वडी परत फळीवर ठेवावी हे उत्तम.

सुक्रालोज ९५५, स्टीव्हिया ९६०, अ‍ॅस्पार्टेम ९५१ आणि एसेसल्फेम पोटॅशियम ९५० यांची मात्रा इतकी अल्प असते की त्यांच्यामुळे थेट साखर वाढत नाही. फिनाइलकिटोन्युरिया हा जन्मजात विकार असणाऱ्यांनी मात्र अ‍ॅस्पार्टेम पूर्णपणे टाळावे.

याच यादीत कोको बटरच्या जागी वनस्पती तेल किंवा हायड्रोजनेटेड फॅट दिसले, तर ते कंपाउंड चॉकलेट आहे. मधुमेहात हृदयाची काळजी साखरेइतकीच घ्यावी लागते, त्यामुळे मी अशा वड्या घेत नाही.

४. तक्त्यातील आकड्यांचा हिशेब करा

आता एक काल्पनिक, पण बाजारात सहज आढळावे असे वेष्टन घेऊ. ५० ग्रॅमची डार्क चॉकलेटची वडी आहे. तक्त्यात दर १०० ग्रॅममागे ऊर्जा ४७० किलोकॅलरी, स्निग्ध पदार्थ ३६ ग्रॅम, कर्बोदके ४८ ग्रॅम, त्यांपैकी एकूण साखर ०.४ ग्रॅम, पॉलिऑल ३६ ग्रॅम, तंतू ८ ग्रॅम आणि प्रथिने ७ ग्रॅम असे छापलेले आहे. भरणीचा पदार्थ माल्टिटॉल आहे. पॉलिऑल हे माल्टिटॉलच्या साऱ्या कुटुंबाचे नाव, त्याचा मद्याशी संबंध नाही.

पहिला सापळा असा की हे आकडे १०० ग्रॅमचे आहेत, वडीचे नाहीत. तुम्ही २० ग्रॅमचा तुकडा खाणार असाल तर सगळे आकडे पाचाने भागा. कर्बोदके ९.६, पॉलिऑल ७.२ आणि तंतू १.६ ग्रॅम येतील. कर्बोदकांतून पॉलिऑल आणि तंतू वजा केले की उरतात ०.८ ग्रॅम. त्यात पॉलिऑलचे निम्मे, म्हणजे ३.६ ग्रॅम मिळवा. साखरेवर परिणाम करू शकणारी कर्बोदके सुमारे ४.४ ग्रॅम झाली. एका मध्यम फुलक्यात साधारण १५ ग्रॅम कर्बोदके असतात हे ध्यानात घेतले, तर हा तुकडा आटोक्यातला आहे. पूर्ण वडी खाल्ली तर हाच आकडा ११ ग्रॅम होतो, म्हणजे पाऊण फुलका, आणि पोटात २३५ किलोकॅलरी जातात त्या वेगळ्याच.

पॉलिऑलचे निम्मे धरण्याची रीत ढोबळ आहे, पण माल्टिटॉलला ती बरीच लागू पडते. पूर्ण भरणी एरिथ्रिटॉलची असेल तर त्याचे वजन पूर्ण वजा केले तरी चालते. दोन्हींचे मिश्रण असेल आणि प्रमाण छापलेले नसेल, तर सगळे माल्टिटॉलच आहे असे धरून निम्मे मोजा. काही कंपन्या वेष्टनावर मोठ्या अक्षरांत 'नेट कार्ब' (वजाबाकीनंतर उरलेली कर्बोदके) छापतात आणि त्यात माल्टिटॉलही पूर्ण वजा केलेले असते. त्या आकड्यावर विसंबू नये.

येथे एक तुलना करावीच लागेल. साध्या ८५ टक्के कोकोच्या डार्क चॉकलेटमध्ये दर १०० ग्रॅममागे साखर साधारण १५ ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे २० ग्रॅमच्या तुकड्यात सुमारे ३ ग्रॅम. ही साखर खरी असली, तरी तिचे प्रमाण वरच्या माल्टिटॉलच्या हिशेबापेक्षा जास्त नाही. कडवट चव ज्यांना चालते त्यांनी शुगर फ्रीच्या मागे धावण्याऐवजी असा छोटा तुकडा घेतला तर काही बिघडत नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. कडवटपणामुळे हातही आपोआप आखडतो. ७० टक्क्यांच्या वडीत मात्र साखर जवळपास दुप्पट असते, तेव्हा टक्केवारी पाहून घ्या.

५. प्रमाण आणि वेळ आधीच ठरवा

वडीचा तुकडा मोडून काट्यावर ठेवा आणि उरलेली वडी डब्यात बंद करून मगच खायला बसा. पहिल्यांदा १० ते २० ग्रॅम पुरेत. शुगर फ्री चॉकलेट आणि साधे चॉकलेट यांच्या उष्मांकांतील तफावत लोकांना वाटते तेवढी नसते, कारण वडीतले सर्वाधिक उष्मांक स्निग्ध पदार्थांचे असतात आणि ते दोन्हींत सारखेच राहतात. वजन वाढले की इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद मंदावतो आणि जी साखर सांभाळायची तीच हळूहळू चढते.

रात्री झोपताना खाणे टाळलेले बरे. एक तर कोकोमध्ये कॅफिन व थिओब्रोमिन हे उत्तेजक पदार्थ असतात, आणि दुसरे म्हणजे स्निग्ध पदार्थांमुळे पचन लांबून साखर तुमच्या झोपेत वाढली तर ती मोजणार कोण?

६. ग्लुकोमीटरवर पडताळणी करा

वरचा सगळा हिशेब कागदावरचा आहे. एकाच वडीचा परिणाम दोन माणसांवर वेगळा होतो, कारण जठर रिकामे होण्याचा वेग, इन्सुलिनची शिल्लक आणि औषधे वेगवेगळी असतात. म्हणून शेवटचा निर्णय स्वतःच्या मोजणीवर सोडावा.

वेळ दुपारची निवडा, जेवणानंतर किमान तीन तासांची. सकाळी उपाशीपोटी हा प्रयोग करू नका. पहाटे यकृत स्वतःहून ग्लुकोज सोडत असते, त्यामुळे काही न खाताही साखर चढते आणि दोष चॉकलेटला जातो. चार-साडेचारचा चहाही त्या दिवशी पुढे ढकला. दूध-साखरेचा चहा आणि दोन बिस्किटे यांच्या सोबतीने चॉकलेट खाल्ले, तर आकडा कोणामुळे वाढला हे कधीच कळणार नाही. ताप, सर्दी, रात्रीचे जागरण, स्टेरॉइडचे औषध किंवा नेहमीपेक्षा जास्त चालणे झाले असेल तर तो दिवस सोडून द्या.

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. नुकतेच फळ सोलले असेल तर बोटावरच्या रसामुळे आकडा खोटाच फुगतो, आणि ओल्या बोटाने रक्त पातळ होऊन तो खाली येतो. सुई बोटाच्या कडेला टोचा, मधोमध नाही. तेथे वेदना कमी होतात. थेंब आपणहून येऊ द्या, बोट पिळू नका. पट्ट्यांच्या डबीचे झाकण पट्टी काढताच लावा, विशेषतः कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याच्या दमट हवेत, कारण ओलाव्याने पट्ट्या बिघडतात. डबी उघडल्यावर किती महिने वापरता येते, हे पट्ट्यांच्या खोक्यावर दिलेले असते. डबी उघडल्याची तारीख तिच्यावरच लिहून ठेवा.

आता क्रम. खाण्याआधी एक मोजणी करा. मग ठरलेला तुकडा दहा मिनिटांत संपवा आणि घड्याळ लावा. पुढच्या मोजण्या एका तासाने, दोन तासांनी आणि तीन तासांनी करा. तिसऱ्या तासाची मोजणी बहुतेक लोक गाळतात, आणि नेमकी चॉकलेटच्या बाबतीत तीच गरजेची असते. स्निग्ध पदार्थ जठर रिकामे होण्याचा वेग कमी करतात, त्यामुळे भातानंतर जसा तासाभरात चढ दिसतो तसा येथे दिसेलच असे नाही. वर्षानुवर्षे मधुमेह असलेल्यांचे जठर काही वेळा मुळातच मंदावलेले असते, आणि सेमाग्लुटाइडसारखी औषधेही हा वेग कमी करतात. अशा लोकांनी पहिल्या तासाचा आकडा पाहून निष्कर्ष काढू नये. या तीन तासांत दुसरे काही खाऊ नका, पाणी चालेल.

ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी हा प्रयोग डॉक्टरांना विचारूनच करावा, ग्लुकोजची पावडर शेजारी ठेवावी आणि अस्वस्थ वाटताच तो थांबवावा.

हाच क्रम एका दिवशी काहीही न खाता करा. काही न खाताही साखर तीन तासांत वर-खाली होत असते, आणि ती किती होते हे माहीत नसेल तर तुलना कशाशी करणार? आणखी एका दिवशी नेहमीच्या खाण्यातला एखादा पदार्थ, म्हणजे एखादे सफरचंद वगैरे, घेऊन मोजा. एकाच वडीची मोजणी निदान तीन वेगवेगळ्या दिवशी व्हावी. पट्ट्या स्वस्त नसतात, म्हणून हे सारे एका आठवड्यात उरकण्याची घाई करू नका. महिनाभरात सवडीने झाले तरी चालेल.

दंडावर लावायचा सतत मोजणारा सेन्सर वापरत असाल तर बोटे टोचण्याचा त्रास वाचतो आणि पूर्ण आलेख मिळतो. तो त्वचेखालच्या द्रवातील ग्लुकोज मोजत असल्याने त्याचा आकडा रक्तापेक्षा काही मिनिटे मागे असतो, एवढे ध्यानात असू द्या.

७. आकडे कसे वाचावेत

घरगुती ग्लुकोमीटर प्रयोगशाळेइतका काटेकोर नसतो. आयएसओ १५१९७ या २०१३ च्या मानकानुसार साखर १०० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) किंवा त्याहून जास्त असताना दर शंभरातल्या ९५ मोजण्या खऱ्या आकड्याच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडे असल्या तरी यंत्र उत्तीर्ण ठरते. याचा अर्थ खरी साखर १४० असताना यंत्राने ११९ दाखवले किंवा १६१ दाखवले, तरी ते बिघडलेले नाही. एकाच दिवशी दहा-पंधराने आकडा चढला म्हणून घाबरून जाऊ नका आणि उतरला म्हणून हुरळूनही जाऊ नका. तीनही दिवशी चढ त्याच दिशेने आणि त्याच सुमारास दिसला, तरच तो चॉकलेटचा समजा.

माझ्या वहीत एरिथ्रिटॉलच्या वडीचे दिवस आणि काहीच न खाल्लेले दिवस यांत फरक काढता येत नाही. माल्टिटॉलच्या वडीचा चढ मात्र दुसऱ्या तासाला स्पष्ट दिसतो. तुमच्या वहीत याहून वेगळे चित्र दिसले, तर तुमच्यापुरते तेच खरे.

अमेरिकन डायबेटिस असोसिएशन बहुतेक प्रौढांसाठी खाल्ल्यानंतर एक ते दोन तासांनी १८० च्या खाली राहण्याचे उद्दिष्ट सांगते, पण वय, गरोदरपण आणि इतर आजार पाहून डॉक्टर ते बदलतात. तुमच्यासाठी ठरलेला आकडाच प्रमाण माना. वही घेऊनच पुढच्या भेटीला जा. एचबीएवनसीच्या अहवालात दोन-तीन महिन्यांची सरासरी दिसते, त्यावरून एखाद्या वडीबद्दल काही कळत नाही.

८. साखर उतरली तर हे चॉकलेट खाऊ नका

हात थरथरणे, दरदरून घाम, धडधड, डोके हलके होणे अशी लक्षणे आली आणि साखर ७० च्या खाली दिसली, तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. शुगर फ्री चॉकलेट अशा वेळी निरुपयोगी आहे. साधे चॉकलेटही नको, कारण त्यातील स्निग्ध पदार्थांमुळे साखर रक्तात पोहोचायला उशीर होतो, आणि उशीर हाच येथे धोका असतो.

व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांनी एक गोष्ट कायमची लक्षात ठेवावी. ही औषधे आतड्यात साध्या साखरेचे विघटन रोखून धरतात, त्यामुळे खिशातली साखरेची पुडीही त्यांना वेळेवर उपयोगी पडत नाही. त्यांच्यासाठी ग्लुकोजच हवे. आपल्याकडे व्होग्लिबोज अनेकदा दुसऱ्या औषधांबरोबर एकाच गोळीत असते, म्हणून गोळीच्या पाकिटावरील घटकही वाचा. घरच्यांना हे सांगून ठेवा, कारण त्या क्षणी धावपळ त्यांचीच होते.

९. पोटाची आणि घराची काळजी

पॉलिऑल पूर्णपणे शोषले जात नाहीत. ते मोठ्या आतड्यात पाणी ओढून घेतात आणि तेथील जिवाणू त्यांवर गॅस तयार करतात. पॉलिऑल १० टक्के किंवा अधिक असल्यास त्यांनी जुलाब होऊ शकतात अशी सूचना वेष्टनावर छापावी लागते. मेटफॉर्मिन नव्याने सुरू झालेल्यांना आधीच पोट बिघडण्याचा त्रास असतो. त्यात अर्धी वडी खाल्ली तर दोष औषधाला जातो आणि चांगले लागू पडणारे औषध लोक स्वतःच बंद करतात. औषध सुरू झाल्यावरचे पहिले काही आठवडे हे चॉकलेट बाजूलाच ठेवा. डापाग्लिफ्लोझिनसारखे औषध घेणाऱ्यांना जुलाब लागले तर शरीरातील पाणी झपाट्याने कमी होऊ शकते, तेव्हा वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजन नियंत्रणासाठी साखरविरहित गोडवे वापरू नयेत असे सुचवले, तेव्हा अनेक मधुमेही धास्तावले. ती शिफारस आधीपासून मधुमेह असलेल्यांना लागू नाही, आणि पॉलिऑलही तिच्या कक्षेत नाहीत. त्याच वर्षी रक्तातील एरिथ्रिटॉलचे जास्त प्रमाण आणि हृदयविकार यांचा संबंध दाखवणारे संशोधन प्रसिद्ध झाले. त्यातून कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही, तरीही हृदयविकार असणाऱ्यांनी रोज मोठ्या प्रमाणात खाण्याआधी डॉक्टरांना विचारलेले बरे.

घरात कुत्रा असेल तर वडी उंचावर ठेवा. त्याच्यासाठी चॉकलेट विषारी असतेच, आणि झायलिटॉलने तर त्याची साखर जीवघेणी उतरू शकते.

१०. सुटे, घरगुती आणि भेटीचे चॉकलेट

लोणावळा, पाचगणी, महाबळेश्वरच्या बाजारांत काचेच्या कपाटात चॉकलेटचे तुकडे वजनावर मिळतात, आणि त्यांतल्या एखाद्या ताटावर 'शुगर फ्री' अशी चिठ्ठी असते. त्या चिठ्ठीवर घटक नसतात. विक्रेत्याला विचारा की चॉकलेट कोणत्या तयार लादीपासून बनवले आहे आणि त्या लादीचे वेष्टन दाखवता येईल का. जे व्यवस्थित काम करतात ते दाखवतात. नाही दाखवले, तर ते साखरेचेच आहे असे समजून मोजा. भरणीकडेही पाहा, कारण शुगर फ्री आवरणाच्या आत मनुका, अंजीर किंवा साखरेत घोळवलेले बदाम असू शकतात.

दिवाळीला किंवा वाढदिवसाला एखाद्या मधुमेही आप्ताला शुगर फ्री चॉकलेट द्यायचे असेल, तर छोट्या आकाराची एकच वडी द्या, आणि शोभेच्या डब्यात भरताना तिचे मूळ वेष्टन काढू नका. घटकांची यादी आणि तक्ता त्यावरच असतो, आणि खाणाऱ्याला हिशेब करायला तोच लागतो.